बी.कॉम. झालंय, चित्रकला येत नाही. यूआय-यूएक्स डिझाइनमध्ये सुरुवात कशी करू? महागडा कोर्स लावू का?

कोर्सची फी तूर्त भरू नका. यूआय-यूएक्स म्हणजे ॲप किंवा वेबसाइट कशी दिसावी आणि वापरायला कशी असावी ते ठरवणं. चित्रकलेचं म्हणाल तर मला धड आंबा काढता येत नाही, आणि मीही कॉमर्सचीच.

फिग्मा हे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर फुकटात वापरता येतं, दोन-तीन आठवड्यांत हाताला बसतं. अडतं ते पुढे. पहिल्या मुलाखतीला मी एका प्रसिद्ध ॲपची होम स्क्रीन नव्याने रंगवून नेली होती. समोरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "हे बटण इथे का?" मी गप्प. छान दिसतं म्हणून, असं थोडंच सांगणार?

मग विषय घरातच सापडला. आई बँकेच्या ॲपवरून पैसे पाठवताना शेजारी पेन घेऊन बसायची. ओटीपी वाचायला मेसेजमध्ये गेलं की परत येईपर्यंत ॲप पहिल्या पानावर गेलेलं असायचं. म्हणून वर क्षणभर झळकणारा आकडा ती घाईघाईने तळहातावर लिहायची. चष्मा हाताशी नसला की तोही हुकायचा. मी तिच्यासकट पाच जणांना हेच काम करायला लावलं आणि नुसती बघत बसले. (मध्ये न बोलणं सगळ्यात अवघड!) पाचच का, तर वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की चाचणीच्या एका फेरीला पाच माणसं पुरतात, बहुतेक अडचणी तेवढ्यांतच दिसतात, उरलेली मेहनत सुधारून पुन्हा तपासण्यात घालावी. त्यातून काढलेले कच्चे आराखडे, फसलेलेसुद्धा, पोर्टफोलिओत, म्हणजे मुलाखतीत दाखवायच्या कामांच्या संचात, टाकले. नोकरी त्यावर लागली.

मराठी येतं, त्याचाही उपयोग करा. इंग्रजीवर बेतलेल्या स्क्रीनमध्ये 'पे'च्या जागी 'रक्कम भरा' टाकून बघा, मजकूर बटणात मावत नाही. खालच्या ओळीतला रफार वरच्या ओळीतल्या उकाराला भिडतो, कारण ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेलं असतं. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' फॉन्ट मोफत मिळतो. तो लावून अंतर वाढवून पाहा. आता मी उमेदवारांच्या मुलाखती घेते, पण हे करून आणणारा क्वचितच भेटतो.

रीतसर शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या संस्थांचं एम.डिझ. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे, त्यासाठी सीड (CEED) ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पात्रतेच्या अटी संस्थेगणिक बदलतात, त्या आधी वाचा. आणि हातात नोकरी असेल तर इतक्यात सोडू नका. माझा पोर्टफोलिओ उभा राहायला सात महिने लागले, तेही शनिवार-रविवार घालवून.