इंडस्ट्रियल फ्लोअर लॅम्प घेताय? आधी बूड बघा

फोटो बघून भुलू नका. दुकानात गेलात की आधी लॅम्पचं बूड हातानं उचलून बघा. लोखंडी पाइपाचा दांडा आणि वर जड शेड, म्हणजे सगळा तोल खालच्या तबकडीवर. ती हलकी असेल तर मुलाच्या एका धक्क्यात लॅम्प आडवा. ट्रायपॉड, म्हणजे तीन पायांचा लॅम्प, दिसतो देखणा, पण लहान हॉलमध्ये त्याचे पाय येता-जाता अडखळवतात.

वायरकडे मात्र नीट लक्ष द्या. धातूच्या बॉडीला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग हवंच. दोन पिनांचा असेल तर दुहेरी इन्सुलेशनची, चौकोनात चौकोन अशी खूण शोधा. नसेल तर सरळ परत ठेवा, कितीही आवडला तरी. वायर पाइपात शिरते तिथं रबरी बुश, म्हणजे वायरभोवतीचं रबरी कडं, आहे का तेही पाहा. कापलेल्या पाइपाची उघडी धार हळूहळू वायरचं आवरण सोलते.

होल्डर बहुधा आट्यांचा, ई२७ असतो. घरातले पिनांचे बी२२ बल्ब त्यात बसत नाहीत. २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, फिलामेंट एलईडी (आत जुन्या बल्बसारख्या तारा दिसणारा) छान दिसतो. पण शेजारी बसून वाचायचं असेल तर उघडा बल्ब नको, डोळ्यांत खुपतो. अपारदर्शक शेड घ्या आणि खुर्चीत बसून तिची खालची कड डोळ्यांच्या पातळीला येते का, हे दुकानातच बघून घ्या.