दाढ काढू नका, वेळ काढा

प्रश्न : डॉक्टरताई, मी चार घरी पोळी-भाजी करते. मिस्टर डोंबिवलीच्या कंपनीत कंत्राटावर आहेत. खालची दाढ किडली आहे, रात्री ठणका लागतो. इथे रूट कॅनॉल आणि कॅपचे मिळून नऊ हजार सांगितले. सासूबाई म्हणतात, मिश्री लाव, नाहीतर काढून टाक. सरकारी दंत कॉलेजात विद्यार्थी आपल्यावर शिकतात म्हणे, खरं का?
– एक वाचक, कल्याण पूर्व

उत्तर : शिकतात, पण एकटे नाही. मी अशाच कॉलेजात शिकवत होते. नस साफ करायची सुईसारखी बारीक फाईल मुळाच्या टोकाशी नीट पोचली का, ते एक्स-रेत बघून शिक्षक हो म्हणेपर्यंत विद्यार्थ्याला पुढे जाता येत नाही. म्हणून तर खासगीत एका बैठकीत उरकणाऱ्या कामाला तिथे तीन-चार खेपा पडतात. एखाद्या घरचा खाडा आधीच सांगून ठेवा. त्या पोरांनाही ठरलेल्या केसेस पूर्ण करायच्या असतात. तारखेला गेला नाहीत तर फोन त्यांचाच येईल!

सीएसएमटीला उतरलात की सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. नायरचं मुंबई सेंट्रलला. सकाळी लवकर पोचा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, सवलतीचं केसपेपरच्या खिडकीवरच विचारा. नऊ हजार सांगणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला असेल तर तोही मागून घ्या. कॅप मात्र टाळू नका. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, कधीतरी भाकरी चावताना उभी चिरते आणि मग काढावीच लागते. मागच्या दाढेला धातूची कॅप चालते, चिनी मातीच्या कॅपपेक्षा स्वस्त पडते. हसताना कुणाला दिसतेय!

त्याआधी मिस्टरांची पगाराची पावती बघा. पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआयची (कामगार विमा योजनेची) कपात होत असेल, तर त्या दवाखान्यांत तुम्हालाही उपचार मिळतात. कंत्राटी कामगारालाही तो हक्क आहे. ठेकेदार आपणहून सांगणार नाही. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालयही तुम्हाला जवळ. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. पण रूट कॅनॉल सगळीकडे होत नाही, आधी चौकशी करा. फक्त दाढच काढायची तयारी दिसली तर सरळ मुंबई गाठा.

तोवर दुखऱ्या दाढेशी गोळी धरून ठेवू नका, हिरडी पांढरी पडून भाजते. गोळी गिळायची असते. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, तर मात्र तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दाढ तिने बरी होत नाही, सवय तेवढी लागते. सासूबाई रोज लावत असतील तर मुंबईला त्यांनाही सोबत न्या. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, हे तिथे कुणीही आरशाने बघून सांगेल.