कामाचे कपडे घरी नेऊ नकोस

प्रिय मित्रा,

बॅटरीच्या कारखान्यात लागलास आणि पहिल्याच पत्रात कुरकुर केलीस. हेल्मेट, बूट, मास्क समजू शकतं, पण सुटीचा भोंगा झाल्यावर अंघोळीची सक्ती कशाला? ती सक्ती तुझ्याइतकीच तुझ्या घरच्यांसाठी आहे. बॅटरीच्या कामात शिशाची विषारी धूळ अंगाला, कपड्यांना चिकटते आणि तुझ्यासोबत घरी जाते.

कामाच्या जागी हवेत शिसं किती चालेल, हे ठरवताना डोळ्यांसमोर मोठा, धडधाकट माणूस असतो. दिवसाला 8 तास, आठवड्याला 40 तास काम करणारा आणि उरलेला वेळ स्वच्छ हवेत राहणारा. रांगणारं मूल या हिशेबात बसतच नाही. ते दिवसभर फरशीवर असतं, बोटं तोंडात घालतं आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या 4 ते 5 पट शोषून घेतं. अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त. वर घरात ना मास्क, ना धूळ मोजायचं यंत्र. म्हणून धूळ अडवायची ती कारखान्यातच.

हे नुसतं भीती घालणं नाही. कपड्यांवरून घरी गेलेली धूळ काय करते, याचं एक उदाहरण ॲस्बेस्टॉसचं, म्हणजे बारीक तंतू असलेल्या एका खनिजाचं आहे. 1965 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयातल्या मेसोथेलिओमाच्या, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या किंवा पोटातल्या पडद्याच्या कर्करोगाच्या 76 रुग्णांची माहिती तपासून छापली गेली. त्यातल्या 9 जणांनी ॲस्बेस्टॉसचं काम स्वतः केलेलं नव्हतं, घरातलं कुणीतरी करत होतं. बहुतेक जणी नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका होत्या. हा आजार बहुधा 20 ते 50 वर्षांनी डोकं वर काढतो, तोवर त्या कपड्यांची आठवणही उरत नाही.

आता क्रम नीट बघ, कारण चुका तिथेच होतात. सुटी झाली की आधी एचईपीए फिल्टरच्या, म्हणजे अतिबारीक धूळही अडवणाऱ्या गाळणीच्या व्हॅक्यूमने कपड्यांवरची धूळ ओढून घ्यायची. अंगावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. धूळ जात नाही, उडते, आणि शेजारच्याच्या नाकात शिरते. कपडे झटकायचेही नाहीत. ते उतरवताना मास्क तोंडावरच ठेव, कारण धूळ सगळ्यात जास्त तेव्हाच उडते. बहुतेक जण उकडतं म्हणून मास्कच आधी काढतात, आणि दिवसभराची सावधगिरी त्या दोन मिनिटांत वाया घालवतात. कपडे झाकणाच्या डब्यात टाकायचे, ते कारखान्यानेच धुवायचे. मग डोक्यावरून अंघोळ. केस, दाढी-मिशा आणि नखांखाली खास लक्ष दे. घरचे कपडे वेगळ्या लॉकरमध्ये हवेत. एकाच लॉकरमध्ये दोन्ही ठेवले तर अंघोळ फुकट गेली म्हण.

मोबाइल, चष्मा आणि ओळखपत्र सगळे विसरतात. मोबाइल कामाच्या जागी न्यायचाच नाही. बाकीच्या वस्तू ओल्या फडक्याने पुसून बाहेर काढ. बूट तिथेच राहू दे.

अंघोळीचा वेळ शिफ्टमध्ये धरतात का, हे सुपरवायझरला विचार. धरत नसतील तर चार जण मिळून मागणी करा. घरी जायची गाडी चुकवून कुणी अंघोळ करत बसत नाही आणि मग नियम भिंतीवरच्या पाटीपुरता राहतो. याला मी कामगाराचा आळस म्हणत नाही, वेळापत्रकाची चूक म्हणतो.

आतापर्यंत कपडे घरी नेले असशील तर आजपासून बंद कर. घरात पडलेली धूळ कोरड्या झाडूने काढू नका. फरशी, खिडक्यांच्या कडा आणि मुलांची खेळणी ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं वारंवार खळबळा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायला सांग. लक्षणांची वाट पाहू नकोस. शिसं वाढलं तरी मूल वरकरणी ठीकठाक दिसू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना नुसतं ‘कारखान्यात आहे’ असं सांगू नकोस. वापरातल्या प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्याचे घटक आणि धोके सांगणारा कागद, कारखान्याकडे असायला हवी. तिच्या तिसऱ्या भागात घटकांची नावं असतात. त्याची प्रत मागून घे आणि घरच्यांच्या तपासणीच्या कागदांसोबत ठेव.

तुझा,
काका