रसायनशास्त्रवाल्याला क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये काम आहे का?

तुम्ही रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताय आणि विचारताय, की हे क्षेत्र फक्त भौतिकशास्त्र आणि संगणकवाल्यांचं आहे का. नाही. उलट क्वांटम संगणकांचं घोडं आज जिथे अडलंय, त्यातला बराच भाग तुमच्याच प्रांतात येतो. (मी संगणकीय रसायनशास्त्रातला, तेव्हा थोडा पक्षपात धरून चाला.)

नेहमी सांगितला जातो तो संबंध रेणूंच्या गणिताचा. निसर्गच क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याची नक्कल करणारं यंत्रही त्याच नियमांवर चालावं, हे रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली मांडलं. नायट्रोजनेज या विकरातला लोह-मॉलिब्डेनमचा गुच्छ साध्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतो. हेबर-बॉश पद्धतीला त्यासाठी ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि प्रचंड दाब लागतो. त्या गुच्छातले इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले, की आपल्या डीएफटीवर (घनता फलन सिद्धांत, रेणूंच्या गणिताची नेहमीची पद्धत) तिथे भरवसा ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक भाषणात हे उदाहरण येतंच. पण आजची यंत्रं त्याच्या जवळपासही नाहीत. २०१७ मध्ये बेरिलियम हायड्राइडचं, म्हणजे तीन अणूंच्या रेणूचं, गणित केलं म्हणून कौतुक झालं. ते तुमचा लॅपटॉप सहज करतो. ‘आता औषधं झटपट सापडणार’ छापाच्या बातम्या मी तरी वाचत नाही.

खरी मजा उलट दिशेला आहे: रसायनशास्त्र या यंत्रांच्या कामी येतं तिथे. क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूळ एकक. अतिसंवाहक क्युबिटच्या गाभ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये त्याच्याच ऑक्साइडचा जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा असतो. या ऑक्साइडला स्फटिकासारखी नीट रचना नसते. त्यातले आणि धातूच्या पृष्ठभागावरचे दोष क्युबिटची ऊर्जा शोषतात आणि त्यातली माहिती पुसली जाते. २०२१ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने बाकीच्या सर्किटसाठी नायोबियमऐवजी टँटलम वापरून पाहिलं, तर क्युबिटचं आयुष्य ०.३ मिलिसेकंदाच्या पुढे गेलं. टँटलमचं ऑक्साइड चिवट, तीव्र आम्लाने धुतलं तरी टिकणारं, त्यामुळे पृष्ठभाग नीट साफ करता येतो. म्हणजे शेवटी हे पृष्ठभागाचं रसायनशास्त्रच की!

आणखी एक: क्वांटम संगणकातल्या युक्त्या रसायनशास्त्राच्याही कामी येतात. अ‍ॅल्युमिनियमचा आयन अणुघड्याळासाठी उत्तम, पण त्याची स्थिती लेसरने थेट वाचणं अवघड. अमेरिकेतल्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००५ साली आयन-सापळ्यांच्या (म्हणजे अडकवून ठेवलेल्या आयनांवर चालणाऱ्या) क्वांटम संगणकासाठी घडवलेली युक्ती वापरली: स्थिती शेजारच्या बेरिलियम आयनावर उतरवायची आणि तिथून वाचायची. पुढे याच मार्गाने एकेकट्या रेणू-आयनाचा वर्णपट घेता आला.

तेव्हा क्युबिटचं प्रोग्रॅमिंग नंतर शिकलात तरी चालेल. आधी रेषीय बीजगणित पक्कं करा, आणि विभागात एक्सपीएसचं (क्ष-किरणांनी पृष्ठभागाचं रसायन तपासणारं) यंत्र असेल तर त्यावर हात बसवून घ्या. टँटलमच्या पृष्ठभागावर काय चाललंय, हे त्यानेच कळतं.