पट्टी वाचण्याआधी लीडवर शंका घ्या

ताई, तुम्ही विचारलंय की कोल्हापुरात ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख काढणाऱ्या टेक्निशियनचं काम शिकताय, त्याची कागदी पट्टी काढता येते, पण वाचायला घेतली की गोंधळ उडतो, तर पुस्तक कोणतं घ्यावं. पुस्तक महिनाभर थांबू दे. शिकाऊ हातातून निघालेल्या विचित्र पट्टीत पुष्कळदा आजार नसतोच, लीड (अंगाला लावायची वायर, आणि तिच्यावरून निघणारी रेघही) चुकलेली असते.

छातीपासून सुरुवात करा. गळ्याखालच्या खोबणीतून बोट छातीच्या मधल्या हाडावरून खाली न्या, चार-पाच सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून असते ती दुसरी बरगडी आणि तिच्याखाली दुसरी फट, म्हणजे दोन बरगड्यांमधली जागा. तिथून दोन फटी खाली उतरलं की चौथी. छातीच्या सहा लीडना व्ही-वन ते व्ही-सिक्स म्हणतात. पेशंटच्या हाडाच्या उजव्या कडेला व्ही-वन, डाव्या कडेला व्ही-टू. मग व्ही-थ्री सोडून आधी व्ही-फोर लावा: पाचवी फट, कॉलरबोनच्या मध्यातून सरळ खाली. व्ही-थ्री हा व्ही-टू आणि व्ही-फोरच्या मधोमध. व्ही-फाइव्ह आणि व्ही-सिक्स व्ही-फोरच्याच आडव्या रेषेत, बरगडीच्या वळणामागे वर चढत जायचं नाही. स्तनाग्राच्या खुणेवर विसंबू नका. बायकांमध्ये आधी सांगून, विचारून, लीड स्तनाखाली लावा.

सगळ्यात जास्त चूक होते ती व्ही-वन, व्ही-टू एक-दोन फटी वर लागण्याची. मग जुना अटॅक येऊन गेल्यासारखं किंवा उजव्या बंडल ब्लॉकसारखं (हृदयाच्या उजव्या बाजूची विजेची वाट अडल्यासारखं) चित्र दिसतं. व्ही-टूमध्येसुद्धा पी, म्हणजे ठोक्याची पहिली छोटी लाट, उलटा दिसला, तर बरगड्या पुन्हा मोजा.

हातापायांचे रंग आपल्याकडच्या बहुतेक मशीनवर असे: उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा काळा. सिग्नलसारखं उजव्या हातापासून लाल, पिवळा, हिरवा फिरत जा, काळा उरतो. दोन हातांची अदलाबदल झाली की लीड वनमध्ये (दोन हातांमधली रेघ) पी, क्यूआरएस (मधला उंच टोकदार भाग), टी (त्यानंतरची लाट) सगळंच उलटं आणि एव्हीआर, म्हणजे उजव्या हाताची लीड, सुलटं. हृदय उजवीकडे असलं तरी लीड वन असंच दिसतं, पण तेव्हा व्ही-वनपासून व्ही-सिक्सपर्यंत आर (क्यूआरएसचं वरचं टोक) वाढत जात नाही. लीड टू जवळपास सपाट आली, तर उजवा हात आणि उजवा पाय बदललेत.

पावसाळ्यात भिजून आलेला पेशंट कुडकुडतो आणि पट्टीवर थरथरीचं गवत उगवतं. आधी कोरडं करा, चादर द्या. थेट फिल्टरचं बटण दाबू नका, त्याने क्यूआरएसमधले बारीक खाचाही बोथट होतात. एकसारखी बारीक करवत दिसली तर ती विजेची 50 हर्ट्झची आहे: अर्थिंग बघा, प्लग काढून बॅटरीवर काढा. तालमीतून आलेल्या गड्याच्या अंगावर तेल असेल तर छातीला चिकटवायचे रबरी बल्ब घसरतात, स्पिरिटने पुसूनच लावा.

आता वाचणं. कागदाचा वेग सेकंदाला 25 मिमी आणि मशीनची उभी मापाची खूण 10 मिमी आहे ना, हे आधी. छोटा चौकोन 0.04 सेकंद, मोठा 0.20. ठोके नियमित असतील तर मिनिटाचे ठोके म्हणजे 300 भागिले दोन आरमधले मोठे चौकोन. अनियमित असतील तर हा हिशोब फसतो, दहा सेकंदांतले आर मोजून सहाने गुणा. पी दिसत नाही आणि आरमधलं अंतर कधीच जुळत नाही, तर एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचा) विचार करा. पीआर (पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ) 0.12 ते 0.20 सेकंद, क्यूआरएसची रुंदी 0.12 सेकंदाच्या आत.

पैलवानाचे ठोके मिनिटाला 45 आले, पीआर थोडा लांबला, तर बहुतेक वेळा ती कसरतीची कमाई. पण चक्कर येत असेल, किंवा व्ही-फाइव्ह, व्ही-सिक्समध्ये टी उलटा असेल, तर व्यायामावर ढकलून मोकळं होऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

रुंद क्यूआरएस आणि ठोके 100 च्या वर दिसले, तर पट्टी बाजूला ठेवा, नाडीवर बोट ठेवा, डॉक्टरांना हाक मारा. कंपवाताच्या थरथरीनेही अशी पट्टी येते, पण तेव्हा नाडी शांत चालते आणि गवताच्या आत खरे क्यूआरएस ठरावीक अंतरावर सापडतात. छातीत दुखणाऱ्याची पट्टी तो आल्यापासून दहा मिनिटांत काढून डॉक्टरांच्या हातात गेलीच पाहिजे, तुमचं वाचन नंतर.

सरावाला रोजच्या दहा पट्ट्या घ्या, मशीनने वर छापलेला निष्कर्ष दुमडून झाका, स्वतःचं लिहा, मग उघडून बघा. दोन्ही जुळले नाहीत तर मशीनलाच खरं धरू नका, ती पट्टी डॉक्टरांसमोर ठेवा.