मन लागत नाही म्हणतोस

बाळ, सप्रेम सलाम.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा निरोप मी पहाटे वाचला. 'मावशी, प्रार्थना करताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. हे ढोंग बंद केलं तर निदान प्रामाणिक तरी राहीन ना?' दिवसभर तेच डोक्यात आहे. बाहेर म्हापशाचा पाऊस धो धो कोसळतोय, वीज गेली आहे. मेणबत्तीच्या उजेडात लिहिते आहे असं म्हटलं असतं तर पत्राला शोभलं असतं, पण मुलाने इन्व्हर्टर बसवून दिला आहे.

वडील जाऊन पाच महिने, वेर्ण्याची नोकरी जाऊन दोन. देव तुला टाकणार नाही, हे मी लिहीत बसणार नाही. संडेस्कूलमध्ये ते तुझ्याकडून मीच पाठ करून घेतलं होतं. मला राग आला तो 'ढोंग' या शब्दाचा.

मी ३४ वर्षं नर्स होते. रात्रपाळीला पहाटे चारला ताप बघायला उठायचे तेव्हा माझ्या मनात माया दाटून आलेली असायची असं वाटतं तुला? पायांत गोळे आलेले असायचे. तरी थर्मामीटर झटकायचा, काखेत लावायचा, तक्त्यावर आकडा लिहायचा. सहाचं इंजेक्शन सहालाच. ते ढोंग होतं का? मन लागत नाही, तरी वेळ पाळ. आयुष्यभरात मला एवढंच कळलं आणि तेवढंच मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळलास तरी वाच.

येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट तू शेवट माहीत असल्यासारखी वाचतोस. एकदा कबरेकडे गेलेल्या त्या बायांच्या बाजूने वाच. शुक्रवारी सगळं संपलं. शनिवार शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, हात बांधलेले. त्या दिवसाबद्दल शुभवर्तमानात जेमतेम काही आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्य त्याच शनिवारात जातं. रविवारी उजाडायच्या आधी त्या निघाल्या. योहान मुद्दाम सांगतो, अजून अंधार होता. कशासाठी निघाल्या? प्रभू उठला असेल म्हणून? छे! मेलेल्या देहाला सुगंधी द्रव्यं लावायची राहिली होती म्हणून. आशा बिशा काही नव्हती त्यांच्यापाशी, होतं ते एक राहिलेलं काम. आणि मार्क लिहितो, वाटेत त्या एकमेकींना विचारत होत्या की कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार? म्हणजे त्याचीही सोय नव्हती! धोंडीचा बंदोबस्त झाल्यावर निघू म्हणाल्या असत्या तर घरीच बसल्या असत्या, आणि पुरुष मंडळी तर बसलीच होती दारं लावून. (हे मी पाळकांना एकदा बोलून दाखवलं तर ते नुसते हसले.)

तू आधी धोंड लोटून मागतोयस.

मी नगरकडची, आमच्याकडे उपासना साधी. लग्न करून बार्देशात आले आणि इथली इगर्ज म्हणजे चर्च, फेस्तं म्हणजे सण, सायबीण म्हणजे मरियामाता, सगळं नव्याने शिकले. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात इगर्जेतल्या घंटा गप्प होतात. घंटेच्या जागी लाकडी मात्राक वाजवतात, खडखड, खडखड. पहिल्या वर्षी मला वाटलं, कुठलं दार मोडलं की काय. सूर नाही, गोडवा नाही, नुसता खडखडाट. पण त्यावर सगळा गाव येतो. घंटा वाजत नाहीत म्हणून कोणी घरी राहत नाही. तुझी प्रार्थना सध्या मात्राक आहे. वाजव.

आणि शब्द सुचत नसतील तर उसने घे. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढ. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळण घेतात, स्तुतीपर्यंत येतात. हे येत नाही. अंधाराशीच थांबतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. ज्याने ते लिहिलं तो देवाकडे तक्रार करतोय, पण करतोय देवाकडेच, आणि रात्रंदिवस. त्याला कोणी ढोंगी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

सांकवाळला मागे तुला नेलं होतं ते आठवतं? तू बसमध्ये झोपला होतास. धर्मगुरू जुझे वाझ यांचं गाव ते. डच सत्तेने सिलोनात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती, तेव्हा १६८७ साली हे वेश बदलून तिथे गेले. आजारी पडले. पुढे कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली, लोक आपल्याच माणसांना टाकून पळाले, आणि ज्यांना टाकलं त्यांना हे धुवत-पुसत, भरवत राहिले. १७११ मध्ये तिथेच गेले, गोव्याला परत आलेच नाहीत. २०१५ मध्ये संत म्हणून जाहीर झाले. मला त्यातल्या साथीचंच अप्रूप, माझा धंदाच तो. देवीच्या रोग्याचं अंथरूण बदलताना आत्मिक आनंदाची वाट बघत कोणी थांबत नाही.

तसंच पंडिता रमाबाईंचं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाईंनी हातातलं मराठी बायबलचं भाषांतर खाली ठेवलं नाही, पुढच्या वर्षी स्वतः जाईपर्यंत त्यात होत्या. त्या रात्री त्यांना काय वाटत असेल, कोण जाणे. काम मात्र झालं.

आता तू म्हणशील, मावशीला सोपं आहे. म्हणून एक सांगते. मी हे फारशा कुणाजवळ बोललेले नाही.

माझी आई गेली तेव्हा मी रात्रपाळीला होते. आई अत्यवस्थ असल्याची तार दुपारी आली होती. संध्याकाळची पुण्याची बस मिळाली असती. पण वॉर्डात ३३ पेशंट, दोघी जणी रजेवर, मी एकटी. म्हटलं, ही रात्र काढते आणि सकाळी निघते. पोचले तेव्हा माती झाली होती. बहीण माझ्याशी नऊ वर्षं बोलली नाही. 'तुझी ड्यूटी!' एवढंच म्हणाली होती.

मी काय चुकीचं केलं? ३३ माणसं होती. त्यांतला एक मुलगा पहाटे दगावताना मी त्याच्यापाशी होते, दुसरं कोणी नव्हतं. माझ्या आईपाशी बहीण होती. हिशोब बरोबर आहे, मी तो हजारदा मांडला आहे. पण खरं सांगायचं तर मी रजा मागितलीच नव्हती. मागितली असती तर मिळाली असती की नाही, हे आता कधीच कळणार नाही. कदाचित आईला तसं बघायची भीती वाटली असेल मला, आणि ड्यूटीच्या आड लपले असेन. तेव्हा 'वेळ पाळ, वेळ पाळ' म्हणणारी ही बाई कुठली वेळ चुकली आहे, तेही ध्यानात ठेव.

त्यानंतर चार वर्षं मी प्रार्थनेत एक शब्द बोलले नाही. दर रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसायची मात्र. गाणं सुरू झालं की उभी राहायची, संपलं की बसायची. नवरा म्हणायचा, कशाला येतेस? मी म्हणायची, वेळ झाली म्हणून. उजेड कधी आला, विचारशील. तारीख सांगता येत नाही. अजूनही रोज असतो असं नाही. पण त्या बाकावरून उठून गेले असते, तर आला तेव्हा मी तिथे नसते. बाकी तू ठरव.

एक मात्र दटावून सांगते. तीन आठवडे झोप नाही म्हणतोस, तर आधी डॉक्टरकडे जा. चालढकल नको. दिली तर गोळी घे, तीही वेळेवर. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही. असलं कोणी सांगायला आलं तर माझ्याकडे पाठव.

आणि रात्री पावणेदोनला फोन बघत बसण्यापेक्षा रात्री नऊची वेळ धर. एक स्तोत्र, मोठ्याने. संपलं की झोप. काय वाटलं ते मला कळवू नकोस. म्हटलंस की नाही, तेवढं कळव.

शुक्रवारी करासवाड्याला त्या पडून असलेल्या आजींकडे डबा पोचवायचा आहे. इतकी वर्षं मीच नेत होते, पण या पावसाने गुडघे धरले आहेत. तू ने. साडेसहाला ये, मन लागो न लागो. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलायचं काय याची चिंता नको, जरा वेळ बस. छत्री आण. आणि डबा आडवा धरू नकोस, खालच्या पुडात आमटी आहे.

तुझी,
मावशी