क्राउन झाकण आणि नागपूरचा मे महिना

प्रश्न : काका, माझी लेक मेलबर्नला असते. जावई तिथे घरीच बिअर आणि सफरचंदाची सायडर करतात. बाटलीवर क्राउन झाकण (ओपनरने उघडायचं पत्र्याचं दातेरी झाकण) दाबायचं दोन दांड्यांचं यंत्र आणि पिशवीभर झाकणं मी त्यांच्याकडून आणली. मी बिअर करत नाही. आलं, लिंबू, साखर आणि चिमूटभर यीस्ट घालून फसफसणारं सरबत करते. तीन लिटरला पाव किलो साखर. दुसऱ्या दिवशी बाटल्यांत भरून झाकणं लावली. दोन बाटल्यांतला गॅस निघून गेला आणि एक रात्री ओट्यावर फुटली. झाकणं खराब की माझा हात कमी पडला?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : ताई, काच कुणाला लागली नाही ना, ते तुम्ही लिहिलं नाही. उरलेल्या बाटल्या आधी फ्रीजमध्ये ठेवा. पूर्ण गार झाल्या की जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड लांब धरून, एकेक उघडा. नुसत्या हाताने उचलू नका.

फुटलेल्या बाटलीचं झाकण उत्तम बसलं होतं, म्हणूनच ती फुटली. इतवारीत आमचा सोडावॉटरचा धंदा होता. तिथे गॅस सिलिंडरमधून, दाबाचा काटा बघून भरायचा. तुमच्या बाटलीत गॅस यीस्ट तयार करतं, आणि साखर असेपर्यंत करतच राहतं. एका लिटरमध्ये 4 ग्रॅम साखर आंबली की साधारण एक लिटर गॅस होतो. जावई आधी सगळी साखर आंबू देत असतील, मग लिटरमागे 6 ग्रॅमच्या आसपास मोजून घालून झाकण लावत असतील. म्हणून त्यांच्या बिअरमध्ये, आधीच्या आंबण्यातला विरघळून राहिलेला गॅस धरून, लिटरमागे अडीच लिटरच्या जवळपास गॅस राहतो. तुमच्या सरबतात लिटरमागे 83 ग्रॅम साखर होती. ती पूर्ण आंबली तर वीस लिटर! एवढा दाब कुठलीच साधी काच सोसणार नाही. त्यात आपला मे महिना. वीस अंशांवर बाटलीत जो दाब असतो, तो चाळीस अंशांवर दीडपटीहून जास्त होतो, आणि उन्हाळ्यात यीस्टही झपाट्याने काम करतं.

साखर पूर्ण आंबू देऊन मग बाटलीत भरू, असंही मनात येईल. तसं केलं तर त्यात बिअरइतका अल्कोहोल येतो, आणि विनापरवाना दारू करणं आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. ती वाट नकोच.

सरबतासाठी सोड्याच्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. वर तीन बोटं जागा सोडा आणि उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा दाबून बघा. बाटली दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. फ्रीजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही.

आता गळणाऱ्या दोन बाटल्या. त्यांच्या तोंडाला पिळून उघडायच्या बारीक आट्या असतील असा माझा अंदाज आहे. त्यावर साधं क्राउन झाकण नीट धरत नाही. बाटलीच्या तोंडावर बोट फिरवा. टवका लागला तर ती बाटली बाद. तोंडाचं मापही दोन तऱ्हेचं असतं, 26 आणि 29 मिलिमीटर. शॅम्पेनच्या कित्येक युरोपीय बाटल्या 29 च्या, बिअरच्या बहुतेक 26 च्या.

दाबताना बाटली सपाट लाकडी पाटावर उभी ठेवा आणि दोन्ही दांडे एकदमच, शेवटपर्यंत खाली आणा. एक हात आधी गेला की झाकण तिरकं बसतं. नीट बसलेल्या झाकणाचे दाते सगळीकडून सारखे आत वळलेले दिसतात आणि ते बोटांनी फिरत नाही. विल्यम पेंटरने 1892 साली अमेरिकेत या झाकणाचं पेटंट घेतलं तेव्हा त्याला 24 दाते होते, आता 21 असतात. ओपनरने उघडलेलं झाकण परत लावू नका. नवी झाकणं फार वेळ उकळू नका, आतला मऊ थर बिघडतो.

यंत्र वाया जाणार नाही, ताई. मृग बहाराचा संत्रा बाजारात आला की त्याचं स्क्वॅश करा, त्यात स्क्वॅशच्या कृतीत सांगितल्या प्रमाणात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (स्क्वॅश टिकवायची पूड) घाला आणि ते काचेच्या बाटल्यांत भरून हीच झाकणं दाबा. त्यात यीस्ट घालायचं नसतं, त्यामुळे दाबाची धास्ती नाही.